चार फेऱ्या, शून्य चुका

मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्राम. त्याची फुकटातली आवृत्ती चार फेऱ्या मारते आणि थांबते. पाचवी हवी असेल तर पैसे भरा. रॅमचं ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांच्या घरी या चार फेऱ्यांची रात्र ठरलेली असते. बायोसमध्ये शिरून वेग वाढवायचा, टायमिंग आवळायचे, व्होल्टेज चिमूटभर चढवायचं, पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट सुरू करायचा आणि झोपायला जायचं. झोप कसली लागते! मध्ये दोनदा उठून पडद्यावरचा ‘एरर’पुढचा आकडा बघून यायचं. सकाळी तो शून्यच असला तर मशीन ‘स्टेबल’ म्हणून जाहीर होतं. एक जरी चूक दिसली तरी रात्र वाया, टायमिंग सैल करा, पुन्हा पहिल्यापासून.

सातव्या शतकातल्या मीमांसक कुमारिल भट्टाला हा चारचा आकडा ओळखीचा वाटला असता. मीमांसकांचं म्हणणं असं, की झालेलं ज्ञान मुळात खरंच धरून चालायचं. पुढे त्याला खोटं पाडणारं दुसरं ज्ञान, म्हणजे बाधक, आलं, किंवा ज्या साधनाने ते झालं त्यातच खोट आहे असं कळलं, तरच ते सोडायचं. याला ते स्वतःप्रामाण्य म्हणतात. मग खोटं पाडणाऱ्या ज्ञानावर तरी विश्वास कशावरून? त्याचीही खातरजमा, तिचीही खातरजमा, असं किती मागे जायचं? श्लोकवार्तिकात कुमारिल याचं अगदी व्यवहारी उत्तर देतो: तीन-चार ज्ञानांच्या पलीकडे जायची गरज नाही.

अर्थात मेमटेस्टच्या चार फेऱ्यांमागे मीमांसा नाही, धंदा आहे. पण प्रश्न तोच आहे. चूक सापडली नाही यावरून चूक नाही असं म्हणायचं, तर ती किती वेळा न सापडणं पुरे?

हा प्रश्न सरळमार्गी माणसाला पडत नाही, कारण त्याच्या वतीने तो कारखान्याने सोडवलेला असतो. रॅमच्या पट्टीच्या वेष्टनावर ६००० छापलेलं असतं, पण ती मशीनमध्ये बसवून बटण दाबलं की ती ४८०० किंवा ५६०० नेच चालू लागते. जेडेक या संस्थेने ठरवलेल्या मानकाला धरून चालायचं, हा तिचा जन्मस्वभाव. छापील वेग हवा असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू करावं लागतं. एक्सएमपी इंटेलने २००७ मध्ये डीडीआर-३ च्या वेळी आणलं, एक्स्पो एएमडीने २०२२ मध्ये. म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ६००० ची पट्टी आणून एक्सएमपी लावणारा गिऱ्हाईक नकळत ओव्हरक्लॉकरच असतो. खरे नादिष्ट मात्र इथून पुढे सुरू होतात. त्यांना कारखान्याने राखून ठेवलेली सगळी सवलत वसूल करायची असते.

गंमत अशी, की धाव एवढी वाढूनही पहिलं पाऊल पूर्वीइतक्याच वेळात पडतं. वीसेक वर्षांपूर्वीची चांगली डीडीआर-४०० पट्टी सीएल-२ वर चालायची: पाच नॅनोसेकंदांचे दोन ठोके, म्हणजे दहा नॅनोसेकंद. आजची डीडीआर-५ ची ६००० सीएल-३० पट्टी घ्या: एक तृतीयांश नॅनोसेकंदाचे तीस ठोके, पुन्हा दहाच. वेग पंधरापट झाला, पण मागितलेला पहिला शब्द हाती यायचा वेळ जिथल्या तिथे.

कारण चिपच्या पोटात अजून तीच जुनी युक्ती आहे. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्डला ती १९६६ मध्ये सुचली आणि १९६८ मध्ये तिला पेटंट मिळालं. एका बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर, एवढंच. कपॅसिटरमध्ये विजेचा भार असला तर एक, नसला तर शून्य. पण हा माठ गळका आहे. भरून ठेवलेला भार पाझरत राहतो, आणि थोडा वेळ दुर्लक्ष केलं तर एकाचा शून्य होतो. म्हणून ठरावीक मुदतीत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. डीडीआर-४ ला ही मुदत ६४ मिलिसेकंद, डीडीआर-५ ला ३२. चिप ८५ अंश सेल्सियसच्या वर तापली तर त्याच्या निम्मी. भरीस भर म्हणजे वाचणं हेही रिकामं करणंच आहे. कपॅसिटरचं दार उघडलं की त्यातला भार तारेवर सांडतो, तारेच्या टोकाचा संवेदक त्या इवल्याशा फरकावरून एक की शून्य ते ओळखतो आणि तेच पुन्हा आत लिहितो. या स्मृतीत काही ‘ठेवलेलं’ नसतं. ते सारखं नव्याने लिहिलं जात असतं.

बौद्ध क्षणिकवाद्याला याहून चांगलं उदाहरण कुठलं मिळणार? वस्तू टिकत नाही. क्षणाक्षणाला सारखीच नवी उपजते, आणि सारखेपणामुळे ती एकच आहे असं वाटतं. दिव्याची ज्योत रात्रभर तीच दिसते, तसं. वसुबंधूने अभिधर्मकोशात काळाची मापं दिली आहेत: १२० क्षणांचा एक तत्क्षण, ६० तत्क्षणांचा एक लव, ३० लवांचा मुहूर्त आणि ३० मुहूर्तांचा अहोरात्र. गुणाकार-भागाकार केला तर क्षण येतो सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग, म्हणजे १३ मिलिसेकंदांहून किंचित जास्त. तापलेल्या डीडीआर-५ ची मुदत १६ मिलिसेकंद आहे. यावरून ‘आपल्याकडे हे सगळं आधीच होतं’ छापाचा निष्कर्ष कोणी काढू नये. वसुबंधू कपॅसिटरविषयी बोलत नव्हता. तो एका अडचणीच्या प्रश्नाला तोंड देत होता: आत्मा नाही, सगळं क्षणिक आहे, तर मग आठवतं कोणाला? अभिधर्मकोशाच्या नवव्या प्रकरणात त्याचं उत्तर आहे. चित्ताचा एक प्रवाह असतो, आधीच्या क्षणातून पुढचा क्षण उपजतो आणि पूर्वीच्या अनुभवाचा ठसा त्या प्रवाहातूनच पुढे येतो. आठवणारा असा वेगळा कोणी लागत नाही.

शंकराचार्यांना हे पटणं शक्यच नव्हतं. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातल्या दुसऱ्या पादात, पंचविसाव्या सूत्रावरच्या भाष्यात, ते याच मुद्द्यावर बौद्धांना गाठतात. ज्याने पाहिलं आणि ज्याला आठवलं ते दोघे एकच नसतील, तर ‘मी पाहिलं होतं’ हे वाक्य कोण बोलतो? नैयायिकही त्यांच्याच बाजूचे. त्यांचा तो नेहमीचा देवदत्त: काल पाहिलेला आणि आज समोर उभा असलेला, ‘तोच हा’.

रॅमला साक्षीला बोलावलं तर दोन्ही पक्ष आपापल्या सोयीची जबानी काढून घेतील. बौद्ध म्हणेल, बघा, बिट कुठे टिकतोय, नुसती परंपरा चालू आहे. नैयायिक म्हणेल, ती परंपरा चालवतंय कोण? मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये बसलेला आहे, तो ओळी मोजतो, वेळ पाळतो, आणि तो स्वतः काही दर ३२ मिलिसेकंदांनी पुसला जात नाही. यावर बौद्धाने कंट्रोलरमधल्या विजेच्या ठोक्यांकडे बोट दाखवावं आणि वाद पुढे चालू राहावा. ओव्हरक्लॉकर या वादात पडत नाही. त्याला फक्त इतकंच हवं असतं, की पुन्हा भरण्याच्या दोन वेळांमधलं अंतर आणखी किती ताणता येईल.

या अंतराचं नाव टीरेफी. डीडीआर-५ मध्ये मानकाप्रमाणे दर ३.९ मायक्रोसेकंदांनी भरण्याचा एक हुकूम सुटतो आणि असे ८,१९२ हुकूम झाले की सगळ्या ओळींची एक फेरी पुरी होते. प्रत्येक हुकमाच्या वेळी रॅमचं दुकान बंद. १६ गिगाबिटच्या चिपला त्यासाठी २९५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे एकूण वेळातला सुमारे साडेसात टक्के वेळ निव्वळ विसरू नये म्हणून खर्ची पडतो. नादिष्ट माणसाला हे साडेसात टक्के डोळ्यांत खुपतात. ६००० च्या वेगावर मानकाचं टीरेफी होतं ११,७०० ठोके. तो तिथे सरळ ६५,५३५ लिहितो, कारण बऱ्याच बोर्डांवर त्या चौकटीत मावणारा तोच सगळ्यात मोठा आकडा. आता हुकूम सुटतो जवळपास २२ मायक्रोसेकंदांनी आणि फेरी पुरी व्हायला ३२ ऐवजी १७९ मिलिसेकंद लागतात. दुकान बंद राहण्याचा वेळ दीड टक्क्याच्या आत येतो. बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. मानक ठरवणाऱ्यांनी सगळ्यात गळक्या माठाचा विचार केलेला असतो, आणि बाकीचे माठ बरेच बरे असतात.

‘बहुतेक वेळा’ हेच दुखणं. भार पाझरण्याचा वेग उष्णतेबरोबर वाढतो. डीडीआर-४ च्या काळात सॅमसंगच्या बी-डाय चिपांवर ओव्हरक्लॉकरांचा जीव होता. व्होल्टेज वाढवावं तसे त्यांचे टायमिंग खाली यायचे. पण आवळून बसवलेली तीच चिप पन्नास अंशांच्या आसपास गेली की चुका टाकू लागायची. डिसेंबरात नागपूरच्या थंडीत चार फेऱ्या निर्वेध पार पाडलेलं मशीन मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस अंश असताना, तेच टायमिंग आणि तेच व्होल्टेज ठेवून नापास होतं. मग डिसेंबरातलं प्रमाणपत्र खोटं होतं का? मीमांसक म्हणेल, खोटं नव्हतं, तेव्हा बाधक आलं नव्हतं, आज आलं. हे उत्तर बरोबर आहे, आणि ज्याच्या मशीनवर ‘ब्लू स्क्रीन’ आली त्याला चीड आणणारंही आहे.

थंडीची गोष्ट उलटी. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की वीज बंद केल्यावरही रॅममधलं सगळं लगेच पुसलं जात नाही. हवेचा डबा उलटा धरून त्यातल्या फवाऱ्याने चिप उणे पन्नास अंशांपर्यंत गार केली, तर दहा मिनिटांनंतरही एक टक्क्याहून कमी बिट बिघडतात. द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवली तर तासाभरानंतरही तेच. त्यांना दाखवायचं होतं, की संगणकातल्या गुप्त किल्ल्या अशा चोरता येतात. पण देह पडला तरी वासना मागे राहते हे लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला त्यात वेगळंच काही दिसलं तर नवल नाही. तोच नायट्रोजन विक्रमवीर ओव्हरक्लॉकरही ओततात. डीडीआर-५ चे विक्रम १२ हजारांच्या पुढे गेले आहेत, पण त्या वेगावर कोणी काम करत नाही. आकडा नोंदवून घेण्यापुरतं मशीन जिवंत राहिलं की झालं. जे काही कार्य घडवतं ते सत्, ही बौद्ध तार्किक धर्मकीर्तीची कसोटी लावली तर तो वेगही खराच. त्याने एक नोंद तरी घडवलीच की.

रोजच्या कामाचं मशीन मात्र नोंदीपुरतं जगत नाही, आणि तिथे खरी भीती बंद पडण्याची नसतीच. बंद पडलं तर निदान कळतं. भीती असते ती न कळणाऱ्या चुकीची. फोटोतला एक ठिपका बदलला, हिशेबाच्या तक्त्यातला एक आकडा हलला, आणि फाइल नेहमीसारखी उघडली. नवव्या शतकातला काश्मिरी नैयायिक जयंत भट्ट याने स्मृतीला प्रमाण मानलं नाही. कारण सांगितलं ते असं, की ती समोरच्या वस्तूतून उपजत नाही. वस्तू गेलेली असते, मागे नुसता संस्कार उरतो. रॅममधून वाचणाऱ्या प्रोसेसरची स्थिती नेमकी हीच. त्याला शून्य मिळतो. तो शून्य मुळात शून्य होता, की पाझरलेला एक आहे, हे त्या शून्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. बरोबर आठवणही आठवणीसारखीच वाटते आणि चुकलेलीही.

म्हणून नैयायिक कुमारिलाच्या विरोधात जातात. ज्ञान खरं की खोटं हे त्याचं त्याला कळत नाही, बाहेरून तपासावं लागतं, आणि तपासायची रीत म्हणजे त्यावर विसंबून कृती करून बघणं. पाणी दिसलं तर जा, पी. तहान भागली तर पाणी, नाही तर मृगजळ. रीत चांगली आहे, पण रॅमच्या बाबतीत ती फसते. इथे तहान भागते आणि तरीही पाणी खोटं असू शकतं.

लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याचा अनुभव इथे बघण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये लिनक्स ६.१ साठी जगभरातून आलेले बदल एकत्र करण्याचं काम चालू असताना त्याच्या डेस्कटॉपवर प्रोग्राम अकारण कोसळू लागले. त्याचा पहिला संशय गेला नव्याने घेतलेल्या कर्नेलच्या कोडवर. निघाली रॅमची एक पट्टी, अडीच वर्षं बिनतक्रार चाललेली. नवी पट्टी येईपर्यंत त्याला हळू चालणाऱ्या लॅपटॉपवर काम रेटावं लागलं. त्यातली बोचणारी गोष्ट अशी, की चुका पकडणारी ईसीसी रॅम सर्वसामान्यांच्या मशीनपर्यंत पोहोचत नाही म्हणून त्याने जानेवारी २०२१ मध्येच इंटेलला जाहीरपणे फैलावर घेतलं होतं. पण स्वतःचं मशीन बांधताना त्यालाही ईसीसी मिळाली नव्हती. त्याने ओव्हरक्लॉकिंगही केलेलं नव्हतं. म्हणजे कारखान्याची सगळी सवलत शिल्लक ठेवूनही बाधक आलंच, फक्त अडीच वर्षांनी. दोष होता साधनात, आणि शोध चालला होता दुसरीकडेच.

तो काही एकटा नव्हे. गूगलच्या सर्व्हरांचा मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात साधारण एक तृतीयांश मशीनमध्ये आणि आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये निदान एक तरी चूक नोंदली गेली होती. नोंदली गेली, कारण तिथे ईसीसी होती.

मेमटेस्टकडे परत यावं, तर त्याची एक अडचण फार जुन्या जातीची आहे. तपासणारा प्रोग्राम राहतो कुठे? त्याच रॅममध्ये. स्वतः ज्या जागेवर बसलाय ती त्याला तपासता येत नाही, म्हणून त्याच्या जुन्या आवृत्त्या आपला बाडबिस्तारा उचलून दुसरीकडे जायच्या आणि मग जुनी जागा झाडायच्या. आणि नव्या जागेतच खोट असली तर? जैन तार्किकांनी असंच एक बोट ठेवलं होतं. आठव्या शतकातल्या अकलंकापासून ते स्मृतीला प्रमाणांत धरतात, आणि बाकीच्यांना विचारतात: धूर दिसला की अग्नी असतो, ही व्याप्ती आठवल्याशिवाय तुमचं अनुमान उभं राहतं का? स्मृतीला बाहेर काढलंत तर तिला तपासण्याचं साधनही तिच्याबरोबर गेलं.

ईसीसीने हा गुंता सुटत नाही, पण सैल पडतो. बेल लॅब्जमधल्या रिचर्ड हॅमिंगने १९५० मध्ये मांडलेली कल्पना साधी आहे. ६४ बिटांच्या जोडीला आठ जास्तीचे बिट ठेवायचे, आणि ते अशा हिशेबाने, की एक बिट बदलला तर कुठला ते कळून दुरुस्त व्हावा आणि दोन बदलले तर निदान बोंब व्हावी. पुण्या-नाशकाच्या वेदपाठशाळेत घनपाठ शिकणाऱ्या मुलाला हे समजावून सांगावं लागणार नाही. पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पहिलं-दुसरं-तिसरं, तिसरं-दुसरं-पहिलं, पुन्हा पहिलं-दुसरं-तिसरं, असे शब्द उलटेसुलटे म्हणत गेलं की कुठे एक अक्षर सरकलं तर लगेच खटकतं. हॅमिंग आठांत भागवतो. घनपाठी तीन शब्दांसाठी तेरा उच्चार खर्चतो. आणि वेद स्वतःप्रमाण आहेत असं ठासून सांगणाऱ्या परंपरेनेच तपासणीची ही एवढी मोठी यंत्रणा सांभाळली, हे तर फारच बोलकं आहे. ग्रंथावर शंका नाही, म्हणणाऱ्याच्या जिभेवर मात्र पुरेपूर.

डीडीआर-५ मध्ये एक चमत्कारिक भानगड होऊन बसली आहे. चिपांमधले कपॅसिटर इतके बारीक झाले, की प्रत्येक चिपला पोटातच स्वतःची ईसीसी द्यावी लागली: १२८ बिटांना आठ बिट. ती एक बिट चुकला की गुपचूप दुरुस्त करते आणि साध्या डेस्कटॉपच्या प्रोसेसरला त्याची वार्ताही देत नाही. म्हणजे टीरेफी ६५,५३५ वर नेलेल्या माणसाला मेमटेस्ट जे शून्य दाखवतो, त्यामागे किती चुका झाकल्या गेल्या ते त्याला दिसत नाही. जुन्या पट्ट्या काठावर आल्या की निदान एखादी चूक टाकून इशारा द्यायच्या. या नव्या मात्र बाधकच येऊ देत नाहीत, थेट कडा कोसळेपर्यंत. कुमारिलाने अशा साधनाचा विचार केला नसावा, जे आपला दोष आपणच लपवतं.

मग शहाणा ओव्हरक्लॉकर करतो काय? तो बायोसमध्ये दोन प्रोफाइल जपून ठेवतो. एकात सगळं आवळलेलं, टीरेफी ताणलेलं. ते खेळांसाठी, जिथे एक बिट चुकला तर फार तर राक्षसाच्या पाठीवर क्षणभर हिरवा ठिपका उमटेल. दुसऱ्यात जेडेकचे मूळ आकडे. ते घरच्या लग्नाचे फोटो नव्या डिस्कवर उतरवताना किंवा आयकराचं विवरणपत्र भरताना. दोन्ही प्रोफाइलनी त्याच चार फेऱ्या, तेच शून्य मिळवलेलं असतं. तरी फोटो हलवायच्या आधी तो मशीन बंद करतो, पुन्हा सुरू करतो, डिलीट बटण दाबून बायोसमध्ये जातो आणि दुसरं प्रोफाइल लावतो. मे महिना असला तर केसचं झाकण काढून पट्ट्यांवर टेबल फॅनही लावून ठेवतो.